तुमचा रिपोर्ट दुसऱ्या डॉक्टरांकडे कसा जातो?

आमच्या पॅथॉलॉजी लॅबच्या ग्राहकांसाठी

“डॉक्टरांच्या व्हॉट्सॲपवर टाकून द्या,” असं काउंटरवर रोज कुणीतरी सांगतं. सोय आहे खरी, आणि तुम्ही सांगितलंत तर आम्ही पाठवतोही. पण ती पीडीएफ पुढे कुणाला फॉरवर्ड होते, कुणाच्या गॅलरीत पडून राहते, हे ना तुमच्या हातात राहत, ना आमच्या. म्हणून आमची लॅब आयुष्मान भारत डिजिटल मिशनला, म्हणजे आरोग्याच्या नोंदी डिजिटल पद्धतीने जोडणाऱ्या केंद्र सरकारच्या योजनेला, जोडली आहे. २०२१ पासून देशभर सुरू असलेल्या या योजनेत नोंदणी करणाऱ्या प्रत्येकाला १४ अंकी आभा क्रमांक, म्हणजे आरोग्य ओळख क्रमांक, मिळतो. नुसता क्रमांक कळला म्हणून कुणाला तुमचे रिपोर्ट दिसत नाहीत.

रिपोर्ट राहतो कुठे?

आमच्याकडेच. सगळ्यांचे रिपोर्ट दिल्लीत एका ठिकाणी गोळा होतात, हा गैरसमज आहे. पुण्याच्या डॉक्टरांना तुमचा रिपोर्ट हवा असेल, तर आधी तुमच्या आभा ॲपवर विनंती येते. तुम्ही मंजुरी दिल्यावरच तो आमच्याकडून एन्क्रिप्ट होऊन, म्हणजे कुलूपबंद सांकेतिक रूपात, निघतो आणि मागणाऱ्याकडेच उघडतो. दर वेळी किल्ली नवी असते. मधल्या यंत्रणेला आतला मजकूर वाचता येत नाही.

मंजुरी देण्याआधी

इथे घाई नको. माहिती कोण मागतंय, कशासाठी, कोणत्या प्रकारचे कागद, कोणत्या तारखांचे आणि कधीपर्यंत बघणार, हे सगळं स्क्रीनवर लिहिलेलं असतं. गुडघा दाखवायला गेलात आणि पाच वर्षांचे सगळे कागद मागितले, तर तारखा कमी करा, नको ते प्रकार काढा, मुदतही आखडती घ्या. डॉक्टर रागावत नाहीत. संमती मागे घेतली की पुढचं थांबतं. मात्र जे आधीच पाहिलं किंवा छापून फाइलला लावलं, ते परत येत नाही.

एका घरात एकच नंबर

आमच्या मते खरी गळती इथेच होते. नोंदणीला चौघांचा एकच मोबाइल दिला जातो, बहुतेक वेळा घरातल्या कर्त्या माणसाचा. मग सुनेच्या गर्भधारणेच्या चाचणीचा निकाल तिच्याआधी सासऱ्यांना कळतो. शक्य असेल तिथे प्रत्येक सज्ञान माणसाचा नंबर वेगळा द्या. नंबर बदललात तर आभामध्ये आणि आमच्याकडे, दोन्हीकडे बदलून घ्या, नाहीतर ओटीपी जुन्या सिमवर जात राहतो. लॅबचं नाव सांगून फोनवर कुणी ओटीपी मागितला, तर फोन ठेवून द्या. आम्ही तो फोनवर कधीच मागत नाही.

एचआयव्हीचा निकाल आम्ही फक्त त्या व्यक्तीच्या हातात देतो. नवरा किंवा बायको आली तरी नाही. काही अपवाद सोडले तर तुमच्या लेखी संमतीशिवाय तो कुणाला सांगू नये, असं २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदाच सांगतो. यावरून काउंटरवर वाद होतात, पण इथे आम्ही हटत नाही.

आभा काढणं ऐच्छिक आहे. नको असेल तर तसं सांगा; छापील रिपोर्ट पूर्वीसारखाच बंद पाकिटात मिळेल. नेताना पावती आणा.