तेहरानमधल्या त्या सहा जणांना वाचवलं कोणी?

'आर्गो' पिक्चर बघून बऱ्याच जणांना वाटतं की १९८० ला इराणमधून सहा अमेरिकन निघाले ती सगळी सीआयएची करामत. त्यात ब्रिटिश आणि न्यूझीलंडवाल्यांनी मदत नाकारली असंही एक वाक्य आहे, ज्यावरून न्यूझीलंडच्या संसदेने २०१३ मध्ये चक्क ठराव करून नाराजी नोंदवली. आणि ती रास्तच होती.

झालं असं की ४ नोव्हेंबर १९७९ ला विद्यार्थी अमेरिकन वकिलातीत घुसले (५२ जण तर पुढे ४४४ दिवस अडकले), पण कॉन्सुलेटची बिल्डिंग थोडी बाजूला असल्याने पाच जण तिथून सटकले. ब्रिटिशांनी त्यांना आपल्या कंपाऊंडमध्ये एक रात्र ठेवलं, पण त्यांच्याच वकिलातीवर जमाव चालून आल्यावर ते तरी काय करणार? सहावा स्वीडिश डिप्लोमॅटकडे होता. मग कॅनडाच्या इमिग्रेशनचे जॉन शीरडाऊन यांना फोन गेला, ते लगेच हो म्हणाले, आणि त्यांच्या व राजदूत केन टेलर यांच्या घरी हे लोक जवळपास अडीच महिने लपून राहिले. घर बदलायची वेळ आलीच तर न्यूझीलंडवाल्यांनी एक घर भाड्याने घेऊन ठेवलं होतं.

पासपोर्टचं प्रकरण तर भारीच आहे. परदेशी नागरिकांना खोट्या नावाने कॅनडाचे पासपोर्ट द्यायचे म्हणून कॅनडाचे तेव्हाचे पंतप्रधान जो क्लार्क यांच्या सरकारने गुपचूप खास आदेश काढला. त्यावरचे इराणी व्हिसा मात्र सीआयएने बनवले आणि तारखेतच गडबड केली, कारण इराणी वर्ष मार्चमध्ये सुरू होतं आणि तो हिशोब चुकला. फारसी वाचता येणाऱ्या कॅनडाच्या एका अधिकाऱ्याच्या ते लक्षात आलं म्हणून बरं, नाहीतर एअरपोर्टवरच खेळ खल्लास.

मेहराबाद एअरपोर्टवर सोडायलाही न्यूझीलंडचे डिप्लोमॅट होतेच. २८ जानेवारी १९८० ला सहाही जण स्विसएअरने झ्युरिकला गेले, आणि टेलर यांनी त्याच दिवशी वकिलातीला कुलूप लावून उरलेल्या स्टाफसकट देश सोडला. मॉन्ट्रियलच्या 'ला प्रेस'च्या पत्रकाराला हे आधीच कळलं होतं, पण लोक बाहेर पडेपर्यंत त्याने बातमी दाबून ठेवली, २९ तारखेला छापली.