रोटर-जुळणी, प्रतिकृती हेलिकॉप्टरची

दूरनियंत्रित प्रतिकृती हेलिकॉप्टरच्या मुख्य रोटरची पाती वजनाने समतोल करणे आणि फिरताना त्यांची टोके एकाच पातळीत आणणे, या दोन कामांना मिळून रोटर-जुळणी म्हणता येईल. हौशी उड्डाणकर्ते पहिल्या कामाला बॅलन्सिंग आणि दुसऱ्याला ट्रॅकिंग म्हणतात. बोलताना या दोहोंची पुष्कळदा सरमिसळ होते. मात्र समतोल बिघडल्यास यंत्र प्रामुख्याने आडवे थरथरते, तर ट्रॅकिंग बिघडल्यास उभे हिसके बसतात, आणि एकावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

मोठ्या हेलिकॉप्टरची नक्कल म्हणून प्रतिकृती निघाली, हा समज रोटरच्या बाबतीत पूर्णपणे खरा नाही. संशोधक आर्थर यंग यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात 1930 च्या दशकात दोन पात्यांच्या लहान विद्युत मॉडेलांवर प्रयोग करून, पात्यांशी काटकोनात बसणारा, टोकांना वजने असलेला स्थिरकदंड विकसित केला. 1941 मध्ये त्यांनी तारेने नियंत्रित होणारे असे मॉडेल बेल या विमान कंपनीपुढे उडवून दाखवले. त्याच तत्त्वावरील ‘बेल 47’ या हेलिकॉप्टरला 8 मार्च 1946 रोजी नागरी प्रमाणपत्र मिळाले. हेलिकॉप्टर-निर्माते स्टॅन्ली हिलर यांनी 1940 च्या दशकात दंडाच्या टोकांना वजनांऐवजी छोटे वायुपंख लावले आणि वैमानिकाची आज्ञा आधी या पंखांना देऊन त्यांच्या कलण्यातून पात्यांपर्यंत पोहोचवली. प्रतिकृतींत पुढे रूढ झालेला फ्लायबार, म्हणजे टोकांना पंख असलेला असा दंड, या दोहोंपैकी कोणाचा, याविषयी मतभेद आढळतो. फ्लायबार असलेल्या बहुतेक यंत्रांत आज्ञेचा काही भाग थेट पात्यांना आणि काही भाग पंखांमार्फत जातो, त्यामुळे ही रचना बेल-हिलर मिश्रण म्हणूनच ओळखली जाते. तथापि स्थिरतेचा भार ज्या वायुपंखांवर असतो ते पाहता ती हिलर यांच्या पद्धतीला अधिक जवळची मानणे सयुक्तिक ठरेल. रेडिओ-नियंत्रित प्रतिकृतीच्या पहिल्या यशस्वी उड्डाणांचे श्रेय सामान्यतः जर्मनीच्या डीटर श्ल्यूटर यांना दिले जाते आणि ती साधारणपणे 1968 ते 1970 या काळातील धरली जातात.

समतोलातील सूक्ष्मता आकड्यांवरून कळते. 325 मिमी. लांबीची पाती मिनिटाला 2,800 फेऱ्यांनी फिरत असता, मध्यापासून 35 सेंमी. अंतरावरील अवघे 0.1 ग्रॅम जादा वजन सुमारे 3 न्यूटन, म्हणजे जवळजवळ 300 ग्रॅम वजनाइतकी ओढ निर्माण करते, आणि या ओढीची दिशा सेकंदाला सुमारे 47 वेळा पूर्ण फिरते. दोन पाती तराजूत सारखी भरली म्हणजे काम झाले, असे नाही. प्रत्येक पाते पट्टीच्या कडेवर आडवे तोलून त्याचा गुरुत्वमध्य खुणावतात. खुणा मुळापासून सारख्या अंतरावर नसतील तर एका पात्याच्या टोकाकडे किंवा मुळाकडे चिकटपट्टी लावून त्या आधी जुळवतात. मगच एकूण वजन पाहून हलक्या पात्याच्या गुरुत्वमध्यावरच पट्टी गुंडाळतात, म्हणजे जुळवलेली खूण सरकत नाही. हा क्रम उलटा केल्यास दोन्ही कामे पुन्हा करावी लागतात.

ट्रॅकिंगसाठी पात्यांच्या टोकांना वेगवेगळ्या रंगांच्या पट्ट्या लावून यंत्र नेहमीच्या वेगाने फिरवतात आणि सुरक्षित अंतरावरून, फिरत्या पात्यांची जी चकती दिसते तिच्या कडेकडे पाहतात. पूर्णाकृती हेलिकॉप्टरांत पूर्वी टोकांना रंगीत खडू लावून ती कापडी निशाणाला किंचित स्पर्श करू देत आणि उमटलेल्या खुणांतील अंतर मोजत. प्रतिकृतीत डोळाच पुरतो. कडेला एकाऐवजी दोन रेषा दिसल्या, तर वरच्या रेषेच्या रंगाचे पाते अधिक कोनात बसलेले असते. त्या पात्याचा कोन बदलणारा दुवा आट्यांवर फिरवून लांबी बदलतात. काही दुव्यांचे टोक जोडणीच्या गोळीवर एकाच बाजूने बसते, त्यामुळे अर्धा आटा फिरवण्याची सोय राहत नाही. दोन्ही टोकांना उलटसुलट आटे असलेला दुवा अशा वेळी उपयोगी पडतो. वरचे पाते खाली आणायचे की खालचे वर न्यायचे, हे कोनमापक लावून ठरवणे इष्ट. तसे न करता हाताला येईल तो दुवा फिरवत गेल्यास दोन्ही पाती जुळतात खरी, पण नियंत्रकाचा दांडा मध्यावर असताना अपेक्षित असलेला शून्य कोन हातचा जातो. एका कोनात जुळलेली पाती दुसऱ्या कोनात फाकत असतील, तर दुव्यांना हात न लावता पात्यांचा पीळ आणि, विशेषतः पडझडीनंतर, दोन्ही पाती धरणारा आडवा दांडा वाकला आहे का, ते तपासावे.

पात्यांच्या मुळाशी असलेले बोल्ट इतकेच आवळतात की यंत्र आडवे धरल्यास पाती स्थिर राहावीत, पण हलका झटका देताच वळावीत.

फ्लायबार असलेल्या यंत्रांत दोन्ही पंख दंडावर समान अंतरावर व परस्परांना समांतर असावे लागतात. जड पंखांनी स्थिरता वाढते, हलक्यांनी चपळता. फ्लायबारविरहित यंत्रांत स्थिरतेचे काम तीन अक्षांवरील विद्युत संवेदक करतात. जुळणीची गरज त्यामुळे कमी झालेली नाही, कारण थरथरीने संवेदकांचे वाचन बिघडून यंत्र आपोआप एका बाजूला कलू लागते. पात्यांचा कोन स्थिर असलेल्या खेळवजा यंत्रांत बहुधा फिरवण्याजोगा दुवाच नसतो; तेथे पात्यांची जोडी बदलणे हाच व्यवहार्य उपाय असतो.