बोटावरचा आकडा आणि आरोग्याचा हक्क

कोविडच्या साथीत ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला चिमट्यासारखं लावून रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी दाखवणारं यंत्र, जगभर घराघरांत पोहोचला. त्याच्या आकड्यावर मोठे निर्णय होत होते: रुग्णाला दाखल करायचं की घरी पाठवायचं, ऑक्सिजन लावायचा की थांबायचं. पण हा आकडा सगळ्यांच्या बाबतीत सारखाच खरा नसतो.

चिमट्याच्या एका बाजूने तांबडा (सुमारे ६६० नॅनोमीटर) आणि अवरक्त (सुमारे ९४० नॅनोमीटर) प्रकाश बोटातून आरपार सोडला जातो. ऑक्सिजन वाहणारं हिमोग्लोबिन अवरक्त प्रकाश जास्त शोषतं, ऑक्सिजन नसलेलं तांबडा. पलीकडे कोणता किती पोहोचला, त्याच्या गुणोत्तरावरून यंत्र टक्केवारी काढतं. कोणत्या गुणोत्तराला किती टक्के, हे सांगणारं कोष्टक मात्र निरोगी स्वयंसेवकांवर चाचण्या घेऊन बनवलेलं असतं. त्वचेला रंग देणारं मेलॅनिन हे द्रव्यही प्रकाश शोषतं. त्याचा परिणाम वगळण्याची सोय यंत्रात असते, पण ती पुरी पडत नाही. सावळ्या-काळ्या त्वचेचे स्वयंसेवक नावापुरतेच घेतले, तर ही चूक कोष्टकात तशीच राहते.

डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. यंत्र ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना धमनीतल्या रक्तात ऑक्सिजन प्रत्यक्षात ८८ टक्क्यांच्या खाली होता, असं कृष्णवर्णीय रुग्णांत १०० पैकी सुमारे १२ वेळा घडलं, गोऱ्या रुग्णांत सुमारे ४ वेळा. धक्कादायक म्हणजे वर्णानुसार चूक होते हे १९९० मध्येच छापून आलं होतं. तीस वर्षं ते फारसं कुणी मनावर घेतलं नाही. याला मी तांत्रिक त्रुटी म्हणणार नाही. चाचणीत कुणाला मोजायचं हे माणसांनी ठरवलं होतं, म्हणून हा अन्याय आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४६ च्या घटनेत आरोग्य हा वंश, धर्म, राजकीय मत, आर्थिक किंवा सामाजिक स्थिती न पाहता प्रत्येकाचा मूलभूत हक्क मानला आहे. दवाखान्याचं दार उघडं असलं की हा हक्क मिळाला, असं आपण सहज धरून चालतो. पण आत गेल्यावर ज्या मापाने आजार मोजला जातो, ते मापच आपल्यासाठी बनलेलं नसेल तर?

शंका आली तर धमनीतलं रक्त तपासून खरी पातळी कळते. पण ती सोय सुसज्ज रुग्णालयातच असते. ज्याला गरज जास्त, त्याच्या वाट्याला चांगली सेवा कमी, हा ‘व्यस्त सेवेचा नियम’ ज्युलियन ट्यूडर हार्ट या ब्रिटिश डॉक्टरांनी १९७१ मध्ये मांडला होता. इथे तो दुहेरी फटका देतो: यंत्र चुकतं, आणि चूक पकडणारी तपासणीही हाताशी नसते.

अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेच्या २०१३ च्या सूचनांनुसार ऑक्सिमीटरच्या चाचणीला दहा स्वयंसेवक पुरत, त्यांतले किमान दोन गडद त्वचेचे. जानेवारी २०२५ च्या मसुद्यात ही संख्या १५० वर नेली आहे, आणि त्यांत वेगवेगळ्या वर्णाचे लोक असावेत असं म्हटलं आहे. अशा चाचणीतून गेलेली यंत्रं हाती येईपर्यंत, दम लागत असेल, तर आकडा चांगला दिसला तरी थांबू नका; डॉक्टरांकडे जा.