छापून न आलेलं संशोधन : डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांची पार्श्वभूमी

भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी, म्हणजे शरीराबाहेर फलित केलेल्या बीजांडापासून जन्मलेलं मूल, कोण, या प्रश्नाचं उत्तर मुंबईत एक मिळायचं आणि कोलकात्यात दुसरं. मुंबईत ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएम रुग्णालयात जन्मलेल्या हर्षाचं नाव घेतलं जाई, तर कोलकात्यात ३ ऑक्टोबर १९७८ ला जन्मलेल्या दुर्गाचं. दुर्गाचा जन्म घडवून आणल्याचा दावा कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांचा, आणि या वादाचं मूळ त्यांच्या प्रकाशित लेखनात आहे. खरं तर ते लेखन फारसं नसण्यातच.

हा माणूस हौशी प्रयोगवीर नव्हता. प्रजननाच्या शरीरक्रियाशास्त्रात १९५८ साली कलकत्ता विद्यापीठाची पीएच.डी., आणि १९६७ साली एडिनबर्गमध्ये जॉन लोरेन यांच्याकडे संप्रेरकांवर (हार्मोन्सवर) काम करून दुसरी. मूल होत नसलेल्या बाईच्या अडचणीकडे ते संप्रेरकांच्या बाजूने पाहत, आणि त्यांची पद्धत लुईस ब्राऊन या जगातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीमागच्या, ब्रिटनमधल्या स्टेप्टो-एडवर्ड्स जोडीपेक्षा वेगळी पडली ती तिथेच. त्या दोघांनी नैसर्गिक पाळीतलं एकच बीजांड दुर्बिणीने काढलं होतं. मुखोपाध्याय यांनी संप्रेरकांची इंजेक्शनं देऊन एकाहून अधिक बीजांडं वाढवली, ती योनिमार्गे काढली, फलित झालेले भ्रूण गोठवून ५३ दिवस ठेवले आणि नंतरच्या पाळीत गर्भाशयात सोडले. कारण असं, की इंजेक्शनांच्या महिन्यात गर्भाशयाचं अस्तर भ्रूण रुजायला तितकंसं अनुकूल नसतं. आजच्या आयव्हीएफ (शरीराबाहेर फलन) केंद्रांत हा क्रम रोजचा झाला आहे. तेव्हा तो ऐकणाऱ्यांना थाप वाटला.

लुईस ब्राऊनचा जन्म दुर्गाच्या ७० दिवस आधीचा. तिच्याविषयी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलं तेही एक छोटंसं पत्रच. पण त्या पत्रामागे वर्षानुवर्षांचे निबंध उभे होते. मानवी बीजांड शरीराबाहेर फलित केल्याचा एडवर्ड्स यांचा निबंध ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात १९६९ सालीच येऊन गेला होता. मुखोपाध्याय यांचं त्रोटक टिपण आलं ‘इंडियन जर्नल ऑफ क्रायोजेनिक्स’मध्ये. शीतकरणाचं ते नियतकालिक कुठला स्त्रीरोगतज्ज्ञ वाचणार?

पुरावा मागणाऱ्यांचं चुकलं, असं मला वाटत नाही. चुकली ती मागण्याची रीत. पश्चिम बंगाल सरकारने नोव्हेंबर १९७८ मध्ये समिती नेमली, तिचे अध्यक्ष रेडिओ-भौतिकशास्त्राचे प्राध्यापक! दुर्गाच्या आईवडिलांना नाव उघड करायचं नव्हतं, त्यामुळे मूलही पुढे करता येईना. दावा फेटाळला गेला. पुढे १९७९ मध्ये जपानमधल्या शास्त्रज्ञांसमोर काम मांडायची संधी आली, तर सरकारी नोकरीत असलेल्या मुखोपाध्याय यांना जाऊ दिलं नाही. एकीकडे लिहून दाखवा म्हणायचं आणि दुसरीकडे मांडायची वाट अडवायची, असा तो कारभार. १९८१ च्या जूनमध्ये त्यांची बदली डोळ्यांच्या संस्थेत झाली. १९ जून १९८१ ला त्यांनी आत्महत्या केली. गोठवलेल्या भ्रूणापासून गर्भधारणा झाल्याचा ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांचा निबंध ‘नेचर’मध्ये आला तो १९८३ साली.

हर्षाच्या जन्मामागे डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्यासोबत शास्त्रज्ञ म्हणून डॉ. टी. सी. आनंद कुमार होते, परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे संचालक. ‘पहिले’पणाचा मान त्यांच्याकडे आपसूक आला होता. १९९७ मध्ये मुखोपाध्याय यांची उरलेली टिपणं त्यांच्या हाती आली. ती तपासून आनंद कुमार यांनी त्याच वर्षी ‘करंट सायन्स’मध्ये लेख लिहिला आणि भारतातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचं श्रेय मुखोपाध्याय यांना दिलं. आपलंच श्रेय आपल्या हाताने दुसऱ्याच्या नावे करणारे शास्त्रज्ञ विरळा. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही दुर्गाला मान्यता दिली. हर्षाचा उल्लेख आता ‘शास्त्रीय नोंदी असलेली पहिली’ असा केला जातो.