गिअर वाजायलाय, पण नेमका कधी?

परतीचा पाऊस उघडला तरी केजकडच्या आमच्या रानात आठ-दहा दिवस पाय टाकायची सोय नसते. काळी माती बुटाला धरते, त्या मातीला आणखी माती धरते, आणि बांधापर्यंत जाईस्तोवर पाय उचलेनासा होतो. या मातीतले चिकणकण पापुद्र्यापापुद्र्यांचे असतात. पापुद्र्यांच्या मधे पाणी शिरलं की माती फुगते आणि वरून साबणासारखी निसरडी होते. अशा रानातून सोयाबीनचे कट्टे भरलेला फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारा, पिकअप बाहेर काढायचा म्हणजे क्लच आणि गिअरबॉक्स दोघांचीही परीक्षाच.

काही वर्षांपूर्वी ऐन सुगीत माझा चुलतभाऊ म्हणाला, "दादा, तिसरा गिअर वाजायलाय." एका गॅरेजात गाडी नेली. गिअर वाजतो म्हणजे गिअरबॉक्स गेला, असं तिथे ठरलं. बॉक्स उतरवला, तिसऱ्या गिअरची पितळी रिंग झिजलेली निघाली, नवी टाकली. आठवडा मोडला, मजुरी गेली आणि कट्टे भाड्याच्या गाडीतून न्यावे लागले. महिन्याभरात गिअर पुन्हा वाजायला लागला. मग एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पान्याला हात लावायच्या आधी विचारलं, "उभ्या गाडीत रिव्हर्स पण वाजतो का?" वाजत होता. सुरुवातीपासूनच वाजत होता, पण रिव्हर्स थोडा वाजायचाच, असं आम्ही धरून चाललो होतो.

तो प्रश्न इतका नेमका का होता, हे कळायचं तर गिअर पडताना आत काय होतं ते पाहायला हवं. दांडा हलवला की दातेरी चाकं येऊन एकमेकांत शिरतात, असं पुष्कळांना वाटतं. पुढच्या गिअरांची चाकं मुळात कायम एकमेकांत अडकलेलीच असतात. त्यातलं एकेक चाक शाफ्टवर मोकळं फिरत असतं. दांडा हलवल्यावर शाफ्टवरची एक कडी सरकते आणि हव्या त्या चाकाच्या बगलेतल्या बारीक दात्यांवर चढते. चाक शाफ्टशी बांधलं जातं आणि गिअर पडतो. मात्र कडी चढते त्या क्षणी दोघांचा वेग सारखा हवा. चालत्या एसटीत चढणारा माणूस आधी चार पावलं गाडीबरोबर पळतो आणि मग दांडी धरतो, तसंच हे. न पळता दांडी धरली तर हात निखळेल.

ती चार पावलं पळवण्याचं काम पितळी रिंग करते. कडी पुढे सरकली की रिंग चाकाच्या शंकूसारख्या भागावर दाबली जाते, घर्षणाने वेग जुळवते, आणि वेग जुळेपर्यंत कडीला वाट देत नाही. समजा दुसऱ्या गिअरचं प्रमाण 2.2 आणि तिसऱ्याचं 1.4 आहे, आणि तुम्ही इंजिनचे मिनिटाला 2800 फेरे असताना गिअर बदलताय. तिसऱ्यात त्याच वेगाला साधारण 1780 फेरेच लागतात. म्हणजे इंजिनकडून येणारा शाफ्ट आणि त्यावरची क्लच प्लेट यांचे मिनिटाला हजारेक फेरे कमी व्हायला हवेत, तेही दांडा न्यूट्रलमधून पुढे जाईपर्यंतच्या क्षणात. बांगडीएवढी रिंग हे काम रोज शेकडो वेळा करते. ही सिंक्रोमेशची युक्ती 1928 साली अमेरिकेत कॅडिलॅक गाड्यांमध्ये पहिल्यांदा आली. त्याआधीचे ड्रायव्हर डबल क्लच मारून, म्हणजे मधे न्यूट्रलमध्ये क्लच सोडून पुन्हा दाबून, इंजिनचा आवाज ऐकत वेग जुळवायचे. जुन्या विलीज जीपच्या तीन गिअरांपैकी पहिल्याला तर सिंक्रो नव्हताच.

रिंगला हे जमतं ते एका अटीवर. क्लच दाबल्यावर इंजिनचा त्या शाफ्टशी संबंध पूर्ण तुटला पाहिजे. क्लच अर्धवट सुटत असेल तर रिंगला नुसता शाफ्ट आवरायचा नसतो, चालत्या इंजिनची ओढही आवरावी लागते. तिथे ती घासत राहते आणि झिजते. आमच्या गाडीत हेच चाललं होतं. रिंग झिजली होती हे खरं, पण ती मार खाणारी होती. मारणारा बॉक्सच्या बाहेर होता.

मिस्त्रींनी ते पाच मिनिटांत दाखवलं. इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून पाहिले, मऊ पडत होते. म्हणजे दांडा, त्याची जोडणी आणि आतले कडी सरकवणारे फोर्क ठीक. मग इंजिन चालू केलं, क्लच तळापर्यंत दाबला, पाच आकडे मोजले आणि रिव्हर्स टाकला. बऱ्याच पिकअपमध्ये रिव्हर्सला सिंक्रो नसतो, म्हणून तो खोटं बोलत नाही. क्लच नीट सुटत असेल तर तेवढ्या वेळात शाफ्ट ऑइलच्या ओढीने थांबतो आणि रिव्हर्स गुपचूप पडतो. आमचा कर्रकन वाजला. मिस्त्री म्हणाले, "आता क्लच दोनदा पंप करून टाक." न वाजता पडला.

पंप केल्यावर फरक पडला, याचा अर्थ पेडलचा दाब क्लचपर्यंत नेणाऱ्या ऑइलच्या नळीत हवा होती. द्रव दाबला तरी जवळजवळ आकसत नाही, म्हणून पेडलची हालचाल जशीच्या तशी पलीकडे पोचते. हवेचा बुडबुडा मात्र आकसतो, आणि पेडलचा निम्मा प्रवास त्याला चेपण्यातच जातो. आमच्या गाडीत क्लचच्या खालच्या सिलिंडरचं रबर झिजून तिथून हवा आत जात होती. रबराचा किट बदलला, नवं ऑइल भरून हवा काढली, आणि रिव्हर्स कायमचा गप्प झाला. या नळीत जे ब्रेक ऑइल असतं ते हवेतला ओलावा शोषून घेतं आणि त्या ओलाव्याने सिलिंडर आतून गंजतो. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलावं. हे ऑइल काळं पडेपर्यंत कुणी झाकण उघडून बघत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता आवाजाचं. न्यूट्रलमध्ये, क्लच सोडलेला असताना घरघर येते आणि क्लच दाबल्यावर थांबते, तर संशय बॉक्सच्या पुढच्या शाफ्टच्या बेअरिंगवर. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होतो, तर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग. चालत्या गाडीत सगळ्या गिअरांना गुणगुण आहे आणि चौथ्यात ती नाहीशी होते, हा पुरावा तर फार बोलका आहे. पाच गिअरच्या बहुतेक पिकअपमध्ये चौथा गिअर थेट असतो. ताकद खालच्या काउंटर शाफ्टवरून न जाता सरळ मागे निघून जाते. काउंटर शाफ्ट तेव्हाही फिरतो, पण त्याच्यावर भार नसतो. म्हणजे दुखणं त्याच्याच बेअरिंगमध्ये किंवा चाकांत आहे, हे बॉक्स न खोलता कळतं. एकच गिअर रेस सोडल्यावर, घाट उतरताना वगैरे, आपोआप सटकत असेल तर मात्र कडीचे दाते, फोर्क किंवा दांड्याची स्प्रिंग पाहावी लागते. त्याआधी बॉक्सखालचं रबरी माउंटिंग फाटलंय का, तेवढं वाकून बघावं.

ओढ्याच्या पाण्याचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तिथलं नुकसान गुपचूप होतं. दूरवरून आलेल्या गाडीचा बॉक्स सहज 80 अंशांपर्यंत तापलेला असतो. ती थेट 25 अंशांच्या पाण्यात उतरवली की आतली हवा एकदम गार होते आणि दाब सुमारे 15 टक्क्यांनी पडतो. बॉक्स श्वास आत ओढतो. हवा घेण्यासाठी त्याला वर एक छोटा ब्रीदर असतो. तो पाण्याखाली असेल तर आत पाणीच येतं. ब्रीदर चिखलाने बुजलेला असेल तर सीलच्या कडेने येतं. पाण्यात घोटलेलं ऑइल दुधाळ, चहासारखं दिसतं आणि बेअरिंगवर त्याचा थर टिकत नाही. उपाय स्वस्त आहे. ब्रीदरला ऑइल सोसणारी नळी जोडून ती इंजिनजवळ उंचावर बांधायची. बॉक्स, पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी ट्रान्सफर केस, दोन चाकांमधलं पुढचं-मागचं डिफरन्शियलचं हाऊसिंग, सगळ्यांना.

ऑइलबद्दल आणखी एक. गिअर ऑइलच्या डब्यावर जीएल-4, जीएल-5 असा दर्जा लिहिलेला असतो. दुकानात जीएल-5 लिहिलेलं ऑइल 'भारी' म्हणून पुढे केलं जातं. हाऊसिंगमधल्या, एकमेकांवर घसरणाऱ्या दात्यांसाठी ते खरोखर चांगलं, कारण त्यात गंधक आणि फॉस्फरसची रसायनं जीएल-4 च्या जवळजवळ दुप्पट असतात. पण पितळी रिंगला घर्षण हवं असतं, आणि जास्त निसरड्या ऑइलमध्ये तिची पकड कमी होते. तापल्यावर गंधक तांब्याच्या धातूंना खातंही. गाडीच्या पुस्तकात जो आकडा आहे तोच डबा घ्या. फक्त थंडीच्या पहाटे, पहिल्या दोन किलोमीटरपर्यंत गिअर जड जात असेल आणि मग सुधारत असेल, तर ऑइल दाट आहे एवढंच बहुतेक वेळा असतं.

रानात गाडी रुतली की हाफ क्लचवर इंजिन ओरडवायची सवय आमच्याकडे सर्रास आहे. हिशोब करून बघा. चाकं थांबलेली, इंजिन मिनिटाला 1500 फेऱ्यांवर, आणि क्लचमधून 200 न्यूटन-मीटरची ओढ जातेय. सुमारे 31 किलोवॉट उष्णता एकट्या क्लच प्लेटमध्ये तयार होते. दोन किलोवॉटचे पंधरा गिझर एका ताटाएवढ्या प्लेटवर लावल्यासारखं आहे हे. जळका वास येतो तो प्लेटच्या अस्तराचा. त्यापेक्षा रुतण्याआधीच फोर-बाय-फोरचा लो, म्हणजे ट्रान्सफर केसमधला सावकाश पण जास्त ओढीचा गिअर, टाकावा. लोमध्ये चाकाची ओढ साधारण अडीच पट होते आणि क्लच पूर्ण सोडून गाडी सावकाश निघते.

मात्र डांबरीवर आल्यावर फोर-बाय-फोर काढलाच पाहिजे. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठं वर्तुळ कापतात. चिखलात चाक थोडं घसरून हा फरक भरून निघतो. डांबरावर घसरायला जागा नसते, म्हणून शाफ्ट पिळले जातात आणि फोर-बाय-फोरचा दांडा घट्ट अडकतो. अशा वेळी दांड्याशी झोंबू नका. गाडी थोडी सरळ मागे घ्या, किंवा एका बाजूची चाकं मुरमावर उतरवून चार पावलं चालवा. पीळ सुटला की दांडा दोन बोटांनी निघतो.

यंदा दसऱ्याआधी चुलतभावाने बॉक्सचं ऑइल काढलं, आणि मिस्त्रींनी शिकवलं तसं त्यातलं थोडं स्टीलच्या जुन्या ताटलीत घेऊन उन्हात तिरकं धरलं. ऑइल मधाच्या रंगाचं होतं. पिवळे चमकते कण असते तर ते रिंगचे, आणि नखाला टोचणारे तुकडे असते तर ते दात्यांचे. चुंबकाच्या बोल्टावर काजळासारखा राखाडी लेप होता, बोटावर घेतला तर खरखर नव्हती. एवढी झीज कुठल्याही बॉक्सची होतेच. बोल्ट पुसून बसवला, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत नवं ऑइल भरलं, आणि गाडी कट्टे आणायला रानात गेली.