घुबडासाठी बंब का यावा?

वासी उत्तरायणाची, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात आमच्या वाड्यासमोरच्या कडुनिंबावर एक गव्हाणी घुबड मांज्यात अडकून उलटं लटकत होतं. कुणीतरी १०१ ला फोन केला आणि पाणी भरलेला भलाथोरला बंब गल्लीत आला. एका जवानाने शिडी लावली, आकड्याच्या काठीने फांदी ओढली, पंखात रुतलेला मांजा कात्रीने तुकड्यातुकड्याने कापला. शेजारच्या काकू अगाशीतून म्हणाल्या, “अहो, एवढ्यात मांडवीत कुठे आग लागली म्हणजे?”

काकूंचा प्रश्न अगदी रास्त होता, आणि त्यामागे फार सुंदर गणित आहे. न्यूयॉर्कच्या बंबांचा अभ्यास करून पीटर कोलेसर आणि एडवर्ड ब्लम यांनी १९७३ साली ते मांडलं. समजा शहरभर ९ बंब विखुरलेले आहेत. प्रत्येकाच्या वाट्याला शहराचा नववा हिस्सा येतो. पण बंबाला त्या हिश्शाचं क्षेत्रफळ नव्हे, लांबी कापायची असते, आणि लांबी बदलते क्षेत्रफळाच्या वर्गमुळाप्रमाणे. म्हणून ९ पैकी एक बंब कामात अडकला तर आगीपर्यंतचं सरासरी अंतर जेमतेम ६ टक्क्यांनी वाढतं. पाच बंब अडकून ४ उरले तरी ते दुप्पट होत नाही, दीडपट होतं. खरी ओढाताण शेवटी होते. तीनाचे दोन झाले की अंतर २२ टक्क्यांनी वाढतं, दोनाचा एक झाला की ४१.

अर्थात ही झाली सरासरी. ज्या पेठेचा बंब बाहेर गेला तिथल्या लाकडी माड्यांच्या घरांना सरासरीचा काय उपयोग? त्यावरचा उपायही न्यूयॉर्कनेच केला. एखादा भाग उघडा पडला की दूरचा बंब तिथल्या रिकाम्या ठाण्यात आणून उभा करायचा.

आता या हिशेबात ‘अडकलेला’ कोण आणि ‘मोकळा’ कोण, इथेच सगळी गोम आहे. अचानक हृदय बंद पडलेल्या माणसाकडे बंब गेला, तर जवानांना छाती दाबणं मध्येच सोडून निघता येत नाही. तो बंब खरोखर अडकला. तरीही तो गेलाच पाहिजे, असं मी ठामपणे म्हणेन. छाती दाबणं किंवा विजेचा झटका मिळेपर्यंत जगण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटते. अॅम्ब्युलन्स दूर असेल तर जवळच्या ठाण्यातले प्रशिक्षित हात घरी बसवून ठेवण्यात काय अर्थ आहे? अमेरिकेत अग्निशमन दलाच्या १०० पैकी साठाहून जास्त वर्द्या वैद्यकीय मदतीच्या असतात, आगीच्या जेमतेम चार-पाच. पुराचंही तसंच. ऑगस्ट २०२४ मध्ये आमच्या विश्वामित्री नदीने ३५ फुटांची पातळी ओलांडली, तेव्हा पाण्यात अडकलेल्या माणसांना अर्ध्यावर टाकून कुणी कुठे जाणार होतं? अशा दिवसांसाठी बाहेरची कुमक लागतेच.

घुबडाचं काम मात्र हातचं टाकता येतं. वर्दी आली की शिडी गुंडाळायची आणि निघायचं. म्हणजे हिशेबात हा बंब मोकळाच, फक्त ठाण्याऐवजी आमच्या गल्लीत उभा.

मला खटकते ती या कामासाठी केलेली घाई. नेहमीच्या बंबात ४५०० लिटर, म्हणजे साडेचार टन पाणी असतं. पाणी भरलेला १५ टनांचा बंब ताशी ६० किलोमीटरने धावत असेल, तर त्याची गतिज ऊर्जा त्याच वेगाच्या ३ टनी अॅम्ब्युलन्सच्या पाचपट असते. ब्रेक मारला की ही सगळी ऊर्जा टायर आणि ब्रेकना पचवावी लागते. शिवाय टाकी अर्धवट भरलेली असेल तर आतलं पाणी वळणावर एका बाजूला धाव घेतं. त्याला आवरायला टाकीत भोकं पाडलेले पडदे बसवलेले असतात. उत्तरायणात रस्त्यावर पोरं आभाळाकडे बघत कटलेल्या पतंगांमागे पळत असतात. त्यांच्यामधून सायरन वाजवत सुसाट यावं, एवढी घुबडाची निकड नसते. त्याने सिग्नल पाळत यावं.

काकूंना मी बंबाकडे बोट दाखवलं. ड्रायव्हरने तो उलटा घेत गल्लीत आणला होता, तोंड मुख्य रस्त्याकडे. घुबड सुटलं, खोक्यात गेलं, टाळ्या झाल्या, पण तो माणूस खाली उतरला नाही. इंजिन चालूच होतं आणि वायरलेस कानाशी.