वास कधी येतो, ते आधी सांगा

गोव्याला गेलं की परतताना साखळी गावाच्या आसपास टाकी फुल्ल करून घ्यायची, ही आमच्या बेळगावच्या घरातली जुनी सवय. वडिलांची 1996 सालची कार्बोरेटरवाली (म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेत पेट्रोल मिसळणारा जुन्या पद्धतीचा भाग असलेली) गाडी दोन वर्षं एकच खोड काढत होती. केरी मागे पडून चोर्ला घाट चढायला लागलो की मागच्या सीटवरच्या आईला पेट्रोलचा वास यायचा. कणकुंबी येईपर्यंत तिचं डोकं भणभणायचं. घरी येऊन गाडीखाली वाकून बघावं, तर फरशी कोरडी. एका ठिकाणी पेट्रोलचा पंप बदलून झाला, दुसरीकडे कार्बोरेटर खोलून साफ झाला. वास तसाच.

उद्यमबागेतल्या एका वयस्कर मेस्त्रींनी बॉनेट उघडायच्या आधीच विचारलं, "वास कधी यायलाय ते सांगा आधी. जाताना का येताना?"

येताना.

"टाकी भरल्यावर? चढाला?"

होय.

"मग पुढं काय बघायचं? मागनं बघूया."

फरशी कोरडी का राहते, हे आधी समजून घेऊ. पेट्रोल हा एक पदार्थ नाही, अनेक हायड्रोकार्बनचं मिश्रण आहे, आणि त्यातले हलके घटक साध्या उन्हाळी तापमानालाही उडून जातात. बारीक चिरेतून पाझरलेला थेंब जमिनीवर पोचायच्या आतच हवेत विरतो. आपलं नाक मात्र हवेच्या दहा लाख भागांत पेट्रोलचे एकदोन भाग असले तरी ओळखतं. शिवाय ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड, त्यामुळे ती खाली साचते, फटींतून आत शिरते आणि गळतीपासून दूरच जाणवते. म्हणून वास कुठे येतो यावरून फारसं कळत नाही. तो कधी येतो, यावरून बरंच कळतं.

इंजिन चालू असतानाच वास येत असेल, तर पंपापासून पुढची दाबाखालची वाट तपासावी. गाडी तापवून बंद केल्यावर येत असेल, तर कार्बोरेटरमधली नीडल, म्हणजे आत येणारं पेट्रोल अडवणारी सुई, नीट बसत नसण्याची शक्यता मोठी. इंजिन ऑइलची पातळी आपोआप वाढली आणि डिपस्टिकला, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीला, पेट्रोलचा वास आला, तर इंजिनवर चालणाऱ्या यांत्रिक पंपाचा डायफ्राम (आतला लवचिक पडदा) फाटून पेट्रोल ऑइलमध्ये उतरत असू शकतं. अशी गाडी चालवूच नये. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं.

आमचं दुखणं या सगळ्यांहून निराळंच होतं. टाकी मागे, आणि घाट चढताना गाडीचं तोंड वर. भरलेलं पेट्रोल मागच्या बाजूला सरकून टाकीच्या तोंडाकडच्या जाड रबरी पाईपपर्यंत चढायचं. सपाट रस्त्यावर किंवा टाकी अर्धी असताना ते तिथं पोचतच नव्हतं. त्यात तापमान 10 अंशांनी वाढलं की पेट्रोल साधारण एक टक्क्याने फुगतं. 28 लिटरच्या टाकीत ते पाव लिटरहून जास्त होतं. पेट्रोल भरताना नोझल एकदा आपोआप बंद झाल्यावर वरून आणखी पेट्रोल रेटू नये, ते यासाठीच.

मेस्त्रींनी पाईप आणि सांधे पुसून कोरडे केले, शाळेतला खडू किसून ती पूड त्यावर भुरभुरली आणि मागची चाकं खाली उतारावर येतील अशी गाडी उभी केली. अर्ध्या तासात पांढऱ्या पुडीत पाईप आवळणाऱ्या क्लिपच्या कडेला एक ओली रेघ उमटली. तिथं बोट लावलं तर गार लागलं, कारण उडणारं पेट्रोल आसपासची उष्णता ओढून घेतं.

पाईप काढून हातात वाकवला तेव्हा बाहेरून धड दिसणाऱ्या रबरावर केसाएवढ्या चिरांचं जाळं उघडलं. अशा पाईपांत पूर्वी बहुधा नायट्राइल रबर असायचं. त्याला मऊ ठेवणारे घटक पेट्रोल वर्षानुवर्षं विरघळवून नेतं आणि रबर ठिसूळ होतं. त्यात आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलंय. हे रबर नुसत्या पेट्रोलमध्ये किंवा नुसत्या इथेनॉलमध्ये जेवढं फुगतं, त्याहून जास्त दोन्हींच्या मिश्रणात फुगतं, आणि सुकलं की आक्रसतं. अथणी, रायबाग, चिक्कोडीच्या उसाला इथेनॉलमुळे आणखी एक गिऱ्हाईक मिळालंय, ते मला मनापासून हवंय. म्हणूनच जुन्या गाडीवाल्यांनी रबराचे सगळे पाईप एकदा बदलून घ्यावेत, असं कळकळीने सांगतो.

बदलताना इथेनॉल सोसणारा, इंधनासाठीचाच पाईप मागावा. पाण्याचा किंवा हवेचा चालत नाही. क्लिपाही नव्या घ्याव्यात. इंजेक्शनवाल्या (कार्बोरेटरऐवजी दाबाने पेट्रोल फवारणाऱ्या) गाडीत पाईपमध्ये साधारण 3 बार दाब असतो, म्हणून आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावं, मग थंड होऊ द्यावं आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडावी.

टाकीच्या पत्र्यालाच बारीक भोक असेल, तर रस्त्यात अंगाचा साबण दाबून बसवतात. यामागं शास्त्र आहे: साबण पाण्यात विरघळतो, पेट्रोलमध्ये जवळपास नाही. गॅरेजपर्यंत पोचायला तो पुरतो. पण नंतर "टाकी रिकामी केलीय, आता वेल्डिंग मारा" असं कुणी म्हटलं तर हात धरून थांबवा. हवेत पेट्रोलची वाफ साधारण 1.4 ते 7.6 टक्के असली की ठिणगीने स्फोट होतो, आणि नुकत्याच रिकाम्या केलेल्या टाकीत हेच मिश्रण तयार होऊ शकतं. टाकी उतरवून, आतली वाफ पूर्ण घालवून, रेडिएटर-टाक्यांचं काम रोज करणाऱ्याकडूनच ती दुरुस्त करून घ्यावी, नाहीतर सरळ दुसरी टाकी बसवावी.